अभियंता होऊ न शकलेला कुलगुरू : सर आर्थर लुईस यांची वाटचाल

१/
सर विल्यम आर्थर लुईस हे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बहुधा एका आकृतीपुरते ठाऊक असते. आडव्या अक्षावर श्रम, उभ्या अक्षावर वेतन आणि मधोमध एक सरळ आडवी रेषा. जोडीला १९७९ चे नोबेल पारितोषिक, थिओडोर शुल्ट्झ यांच्यासह विभागून. परीक्षेला एवढे पुरते. मराठवाड्यातील एका महाविद्यालयात ही आकृती मी गेली सव्वीस वर्षे फळ्यावर काढतो आहे. आजच्या धाग्यात मात्र त्या आकृतीमागच्या माणसाची वाटचाल सांगायची आहे.

२/
कारण वैयक्तिक आहे. सहा वर्षांपूर्वी प्रभारी प्राचार्यपद माझ्याकडे आले. तेव्हापासून दिवसाचा मोठा भाग वेतनदेयके, प्रवेशाच्या याद्या, अनुदानाचे प्रस्ताव आणि मूल्यांकनाच्या फायली यांत जातो. ज्येष्ठ सहकारी आपुलकीनेच म्हणतात, ‘सर, खुर्चीत बसलेला प्राध्यापक पुन्हा अभ्यासाकडे वळत नाही.’ यंदा पद सोडून अर्धवट राहिलेले पुस्तक पुरे करावे, की आणखी काही वर्षे कचेरीतच राहावे, हा निर्णय मला करायचा आहे. म्हणून लुईस यांच्या चरित्राला मी एकच प्रश्न विचारला : एवढा मोठा अभ्यासक पुन्हा पुन्हा कचेरीत का जाऊन बसला, आणि त्यातून मागे काय उरले?

३/
जन्म २३ जानेवारी १९१५, कॅस्ट्रीज, सेंट लुशिया. कॅरिबियन समुद्रातील हे चिमुकले बेट तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होते. आईवडील दोघेही शिक्षक, आणि दोघेही मूळचे अँटिग्वा बेटावरचे. म्हणजे परमुलखात जाऊन पाय रोवण्याचा वारसा या मुलाला घरातूनच मिळाला होता. पाच भावांत तो चौथा.

४/
सातव्या वर्षी आजारपणामुळे काही आठवडे त्याची शाळा सुटली. मुलगा मागे पडू नये म्हणून वडिलांनी त्याला घरी शिकवायला घेतले, आणि शाळा दोन वर्षांत शिकवी तेवढे तीन महिन्यांत शिकवून टाकले. मुलगा परतला तो थेट दोन इयत्ता पुढच्या वर्गात. त्याच सुमारास वडील वारले. पाच मुलांचा संसार आईने एकटीने ओढला. तिच्याइतके शिस्तीचे आणि कष्टाळू माणूस आपण दुसरे पाहिले नाही, असे लुईस यांनी पुढे आत्मकथनपर टिपणात नमूद केले आहे.

५/
दोन इयत्ता पुढे असल्यामुळे शाळा चौदाव्या वर्षीच संपली. इंग्लंडच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसण्याचे वय मात्र झालेले नव्हते. मग चार वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी. पत्रे लिहिणे, टंकलेखन, फायली लावणे, कामात टापटीप राखणे हे सारे तेथे अंगवळणी पडले. ज्या वयात इतिहास आणि साहित्य वाचायचे, ते वय यात खर्ची पडले, अशी खंतही त्यांनी नोंदवली आहे. नफा आणि तोटा दोन्ही त्यांनी एकाच सुरात मांडले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

६/
१९३२ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली. आता शिकायचे काय? मनात अभियांत्रिकी होती. पण वसाहतीचे सरकार कृष्णवर्णीय अभियंत्याला नोकरी देत नसे, आणि उसाच्या मळ्यांचे गोरे मालकही देत नसत. पदवी घेऊन परतायचे आणि दाराबाहेर उभे राहायचे, यात काय अर्थ? म्हणून त्यांनी वाणिज्य शाखा निवडली. नगरपालिकेत किंवा एखाद्या पेढीवर काम मिळेल, एवढाच हिशेब. अर्थशास्त्र म्हणजे काय, हे त्यांना तोवर ठाऊकही नव्हते.

७/
१९३३ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. मराठी वाचकाला ही वास्तू परकी नाही. बरोबर दहा वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती ती याच संस्थेतील अध्ययनावर. बाबासाहेबही अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते (मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय, १९१८ ते १९२०) आणि पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. या दोन वाटा एकमेकींना कोठे समांतर जातात, ते पुढे येईलच.

८/
१९३७ मध्ये लुईस प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले. १९३८ मध्ये तेथेच त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. १९४० मध्ये डॉक्टरेट. त्या काळातील एक प्रसंग शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. विभागाची धुरा तात्पुरती सांभाळणाऱ्या फ्रेडरिक हायेक यांनी त्यांना दोन महायुद्धांदरम्यानच्या जागतिक अर्थव्यवस्थेवर शिकवायला सांगितले. हा विषय आपल्याला येत नाही, असे लुईस म्हणाले. विषय शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे तो शिकवणे, असे हायेक यांचे उत्तर. त्या व्याख्यानांतून १९४९ मध्ये एक ग्रंथ उभा राहिला.

९/
युद्धकाळात, १९४३ मध्ये, लंडनमधील वसाहत मंत्रालयाच्या आर्थिक सल्लागार समितीचे सचिवपद त्यांनी स्वीकारले आणि पुढच्याच वर्षी सोडले. कचेरीत शिरणे त्यांना जमत होते, तसे वेळ येताच बाहेर पडणेही. १९४८ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ते मँचेस्टर विद्यापीठात राजकीय अर्थशास्त्राच्या अध्यासनावर प्राध्यापक झाले. त्या विद्यापीठाने कृष्णवर्णीय प्राध्यापक नेमण्याची ती पहिलीच वेळ.

१०/
आता ती आकृती. लुईस यांना बराच काळ दोन कोडी छळत होती. औद्योगिक क्रांतीच्या आरंभी इंग्लंडमध्ये नफा वाढत गेला, पण कित्येक दशके मजुरी जेमतेम तेवढीच का राहिली? आणि जगाच्या बाजारात पोलादाला जो भाव मिळतो, त्याच्या मानाने कॉफीसारखा शेतमाल इतका स्वस्त का? १९५२ च्या ऑगस्टमध्ये बँकॉकच्या रस्त्यावरून चालत असताना दोन्ही कोड्यांचे उत्तर त्यांना एकाएकी सुचले. श्रमांचा पुरवठा ठरावीकच असतो, हे गृहीतकच टाकून द्यायचे.

११/
मे १९५४ मध्ये ‘मँचेस्टर स्कूल’ या नियतकालिकात त्यांचा प्रसिद्ध निबंध आला. सार असे : गरीब देशात दोन क्षेत्रे शेजारी नांदतात. एक निर्वाहाचे, जेथे गरजेपेक्षा जास्त हात आहेत. दुसरे भांडवली, जेथे नफा होतो. निर्वाहक्षेत्रात माणसाला जे पोटापुरते मिळते, त्याहून थोडे अधिक देऊ केले की भांडवली क्षेत्राला हवे तेवढे मजूर मिळतात. म्हणून वेतनाची रेषा आडवी. नफा पुन्हा गुंतवला जातो, कारखाने वाढतात, आणि जादा हात संपतात तेव्हाच ती रेषा वर वळू लागते. आज या वळणालाच अर्थशास्त्रात ‘लुईस वळणबिंदू’ म्हणतात.

१२/
याच निबंधात उसाचे उदाहरण आहे. साखरधंद्याची उत्पादकता प्रचंड वाढली. तरी ऊस पिकवणारा मजूर अनवाणीच चालतो, झोपडीतच राहतो. थंड देशातील गहू पिकवणाऱ्याचे राहणीमान मात्र जगात वरच्या पायरीवर. कारण उसाच्या मजुराची मजुरी उसाच्या उत्पादकतेवर ठरत नाही. मागे त्याच्या गावी कोरडवाहू तुकड्यात काय पिकते, त्यावर ती ठरते. वाढलेल्या उत्पादकतेचा लाभ साखर खाणाऱ्याकडे जातो. ज्या मळ्यांनी या लेखकाला अभियंता होऊ दिले नसते, त्यांचेच हे निदान होते.

१३/
हा परिच्छेद मी ज्या वर्गात शिकवतो, तेथे तो समजावून सांगावा लागत नाही. माझ्या अनेक विद्यार्थ्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघायचे, गाळप हंगाम संपेपर्यंत फडात कोयता चालवायचा आणि कोपीत राहायचे. नवराबायको मिळून एक कोयता. एकदा तासाला एका मुलाने विचारले, ‘सर, कारखाना दुप्पट ऊस गाळायला लागला, मग कोयत्याचा भाव दुप्पट का होत नाही?’ त्या दिवशी मी आकृती पुसली आणि त्यालाच फळ्यापाशी बोलावले.

१४/
बाबासाहेबांच्या वाटेशी लुईस यांची वाट मिळते ती येथे. १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की दुखणे केवळ तुकड्यांच्या आकाराचे नाही. शेतीवर विसंबलेल्या पण शेतीत काम नसलेल्या हातांचे आहे. उपाय औद्योगिकीकरण, म्हणजे त्या हातांना शेतीबाहेर काम. लुईस यांच्या निबंधाच्या छत्तीस वर्षे आधीचे हे लेखन. ज्यांनी बहिष्कृतपणा भोगला, त्या दोघांनीही वाया जाणाऱ्या माणसांपासून हिशेब मांडायला सुरुवात केली, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

१५/
सिद्धांतावर आक्षेप आले, आणि ते महत्त्वाचे होते. ज्यांच्यासह लुईस यांना नोबेल मिळाले, त्या शुल्ट्झ यांनीच शेतीतील काही हात काढून घेतल्याने उत्पादन घटत नाही ही कल्पना नाकारली. पुरावा आपल्याकडचा : १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात शेतीवरची माणसे दगावली, तेव्हा पेरणीचे क्षेत्रही घटले. लुईस यांचे म्हणणे असे, की आपल्या मांडणीसाठी ती उत्पादकता शून्यच असली पाहिजे असे नाही. चालू वेतनावर हवे तेवढे मजूर मिळत राहिले म्हणजे झाले. वाद आजही संपलेला नाही.

१६/
१९५५ मध्ये आर्थिक वाढीवरचा त्यांचा ग्रंथ आला. कीर्तीच्या शिखरावर असताना, १९५७ मध्ये, ते नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घानाचे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांचे आर्थिक सल्लागार झाले. त्या देशाविषयीच्या १९५३ च्या अहवालात त्यांनी आधीच बजावले होते की कारखान्यांच्या घाईआधी अन्नधान्याची शेती सुधारा. एन्क्रुमांना डोळ्यांत भरणारे प्रकल्प हवे होते. तुमचा सल्ला अर्थशास्त्राच्या दृष्टीने योग्य असेलही, पण मी राजकारणी आहे, मला भविष्यावर डाव लावावा लागतो, अशा आशयाचे त्यांनी लुईस यांना लिहिले. १९५८ संपण्यापूर्वी लुईस तेथून निघाले.

१७/
सल्लागाराजवळ शब्द असतात, पण सही दुसऱ्याची असते. घानाने त्यांना हेच शिकवले असावे, असा माझा तर्क आहे. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या विशेष निधीत थोडे काम करून त्यांनी जे पद पत्करले, त्यात सही त्यांची स्वतःची होती : जमैकातील युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ द वेस्ट इंडीजचे प्राचार्यपद. त्या पदावर बसलेले ते पहिले वेस्ट इंडियन.

१८/
हे महाविद्यालय १९४८ मध्ये वैद्यकशाखेच्या ३३ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले होते. जागा मोना येथील जुन्या ऊसमळ्याची. वर्ग भरले ते युद्धकाळात जिब्राल्टरहून आणलेल्या निर्वासितांसाठी बांधलेल्या लाकडी बराकींत. पदवी लंडन विद्यापीठाची. म्हणजे शिकायचे जमैकात आणि प्रमाणपत्र लंडनचे. लुईस यांच्यापुढे दोन कामे होती : संस्था मोठी करणे आणि ती स्वतःच्या पायावर उभी करणे.

१९/
बाहेर राजकारण उकळत होते. १९५८ मध्ये दहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन वेस्ट इंडीज संघराज्य बनले होते. एवढी लहान बेटे एकेकटी तगणार नाहीत, अशी लुईस यांची ठाम धारणा होती. पण सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकाच्या जनतेने सार्वमताने बाहेर पडण्याचा कौल दिला. मग त्रिनिदादचे एरिक विल्यम्स यांनी दहातून एक वजा केल्यास शून्य उरते असा हिशेब मांडला आणि त्रिनिदादही गेले. उरलेल्या आठांना तरी एकत्र ठेवावे म्हणून लुईस या बेटावरून त्या बेटावर वाटाघाटी करत फिरले. यश आले नाही. ३१ मे १९६२ रोजी संघराज्य विसर्जित झाले.

२०/
आता दुसरी तारीख पाहा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, संघराज्य मोडण्यापूर्वी जेमतेम दोन महिने, महाविद्यालयाला स्वतंत्र विद्यापीठाची सनद मिळाली आणि लुईस तिचे पहिले कुलगुरू झाले. देश फुटला, विद्यापीठ फुटले नाही. वेगवेगळ्या झेंड्यांखालील बेटे आजही ते एकत्र चालवतात. तेथे क्रिकेटचा संघ जसा एक आहे, तसेच विद्यापीठही एक. राज्यकर्त्यांना जी एकी टिकवता आली नाही, ती अभ्यासक्रम, परीक्षा आणि वर्गणीच्या हिशेबांनी टिकवून धरली.

२१/
त्यांच्या कार्यकाळातली आणखी एक गोष्ट. १९६० मध्ये त्रिनिदादमधील जुने कृषी महाविद्यालय विद्यापीठात विलीन झाले आणि सेंट ऑगस्टीन येथे दुसरे केंद्र उभे राहिले. पाठोपाठ तेथे अभियांत्रिकीची विद्याशाखा आली. ज्या मुलाला कृष्णवर्णीय म्हणून अभियंता होण्याचा बेत सोडावा लागला, त्याच्याच कारकिर्दीत त्याच्या लोकांना आपल्या भूमीवर अभियंता होण्याची सोय झाली. लुईस यांच्या सर्व लेखनात मला याच्या तोडीचे वाक्य सापडलेले नाही.

२२/
१९६३ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी ते अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात गेले. म्हणजे पुन्हा परमुलूख. १९७० मध्ये बार्बाडोसला कॅरिबियन विकास बँक स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षपदासाठी ते पुन्हा परतले, काही वर्षांत तिची घडी बसवली आणि प्रिन्स्टनच्या वर्गात रुजू झाले. ये-जा करणारा हा स्थलांतरित प्रत्येक फेरीत मायभूमीला एकेक संस्था देऊन गेला.

२३/
आणि अभ्यासाचे काय? १९७८ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, १८७० ते १९१३ या काळातील जागतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी नोबेल. त्याच १९७९ च्या फेब्रुवारीत सेंट लुशिया स्वतंत्र झाले होते. खुर्चीत बसलेला प्राध्यापक परत येत नाही, या माझ्या सहकाऱ्यांच्या म्हणण्याला या तारखांचे उत्तर पुरेसे आहे. तरी वेळ गेला तो गेलाच. कारकुनीच्या चार वर्षांविषयी त्यांनी जो दुपदरी हिशेब लिहिला, तोच प्रशासनाच्या वर्षांनाही लागू पडतो.

२४/
त्यांच्या निबंधातली एक बाजू परीक्षेत क्वचितच विचारली जाते. श्रम मुबलक असले तरी कुशल माणसे मुबलक नसतात. वाढीच्या वाटेवर ही अडचण ठरते. मात्र ती तात्पुरती असते, शिक्षणाची सोय केली की दूर होते, असे ते लिहितात. ही सोय करणे म्हणजे काय? बराकी, सनदा, अंदाजपत्रके, शिक्षकांच्या नेमणुका. १९५४ मध्ये जे त्यांनी दोन-चार वाक्यांत लिहिले, ते प्रत्यक्षात आणायला पुढे वर्षे द्यावी लागली, आणि त्यांनी ती दिली.

२५/
आमच्या तालुक्यातल्या टोळ्या निघतात तेव्हा वर्गातली काही बाके रिकामी होतात. मुलगे मागे राहतात, कसेबसे रांधून खातात. मुलीला एकटीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे, या काळजीने तिला तरी सोबत नेतात, नाही तर तिचे लग्न उरकतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचे नाव हजेरीपटावरून असे निघून जाते. तीस मुलींच्या वसतिगृहाचा प्रस्ताव तीन वर्षांपासून माझ्या टेबलावर आहे. जागा मिळाली, नकाशा झाला. मंजुरी आणि निधी यांच्या मध्ये तो अडकलेला आहे. पाठपुरावा करणारा माणूस बदलला की अशा फायली तळाशी जातात, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

२६/
माझा निर्णय झाला आहे. पुस्तक थांबेल. त्यात जे लिहायचे आहे ते उद्या दुसरा कोणी माझ्याहून चांगले लिहील. ही फाईल मात्र आज माझ्याच सहीची वाट पाहते आहे. वसतिगृहात मुली राहायला आल्या की मी प्राचार्यांच्या दालनातून निघून पुन्हा वर्गात जाईन. लुईस गेले होते. त्या मानाने माझे अंतर एका व्हरांड्याचे.

२७/
१५ जून १९९१ रोजी बार्बाडोसमध्ये लुईस यांचे निधन झाले. लंडन, मँचेस्टर आणि प्रिन्स्टन या तिन्ही ठिकाणी त्यांचा मान मोठा. त्यांची समाधी मात्र सेंट लुशियात, कॅस्ट्रीजजवळच्या टेकडीवर, त्यांचेच नाव धारण करणाऱ्या महाविद्यालयाच्या आवारात आहे. तेथील विद्यार्थी तिच्या शेजारून तासाला जातात.

२८/
वाचकहो, तुमच्या गावच्या महाविद्यालयाची, वसतिगृहाची किंवा वाचनालयाची स्थापना कोणी केली, पहिली जागा कोणी दिली, पहिला हिशेब कोणी लिहिला, हे ठाऊक असेल तर या धाग्याखाली अवश्य लिहा. अशा माणसांवर सहसा ग्रंथ निघत नाहीत. गाळप हंगाम सुरू व्हायला अजून काही आठवडे आहेत. मी उद्या पुन्हा ती फाईल घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जातो आहे.